चंद्राच्या पोटाला कान लावून



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या गावच्या दोन पिढ्यांना शास्त्र शिकवलं. त्यांच्या नावानं होणाऱ्या भाषणात शास्त्र पातळ करून वाढणं बरं दिसणार नाही, तेव्हा थोडे आकडे ऐकायची तयारी ठेवा. संयोजकांनी विषय सुचवला होता 'चांद्रयान'. यानाबद्दल आपण पुष्कळ ऐकलंय, टाळ्याही वाजवल्यात. मी आज चंद्राबद्दल बोलणार आहे, आणि त्यातही त्याच्या आतल्या भागाबद्दल. १,७३७ किलोमीटर त्रिज्येचा हा गोळा आतून कसा आहे, ते माणसाला कसं कळलं आणि पुढे कुठे अडलं, एवढाच आजचा विषय.

सुरुवात एका सरकारी निर्णयापासून करतो. ३० सप्टेंबर १९७७ रोजी नासानं चंद्रावरची आपली वैज्ञानिक केंद्रं बंद केली. अपोलो मोहिमांतल्या अंतराळवीरांनी ती तिथे मांडून ठेवली होती. यंत्रं थकत चालली होती हे खरं, पण बरीचशी अजून काम करत होती. ती चालू ठेवायची तर पृथ्वीवर माणसं बसवावी लागत आणि त्यासाठी पैसा लागे. तो आता दुसरीकडे हवा होता. त्या दिवसापासून चंद्राच्या कंपनांची अखंड नोंद थांबली. चंद्राच्या गाभ्याबद्दल आज आपल्याला जे ठामपणे सांगता येतं, त्यातलं बरंचसं त्याआधीच्या आठ वर्षांत नोंदलेल्या कंपनांवर उभं आहे. नंतर माणसानं चंद्राभोवती कितीतरी यानं फिरवली, नवी दगडमाती आणली, ध्रुवाजवळ उतरून दाखवलं. पण कंपनांची ती मांडणी पुन्हा उभी राहिली नाही.

पहिला कंपमापक जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ नं ठेवला. अंतराळवीरांच्या पावलांचे धक्केही त्यानं टिपले. तो सूर्यप्रकाशावर चालणारा होता आणि जेमतेम तीन आठवडे टिकला. चंद्रावरची रात्र आपल्या चौदा दिवसांएवढी असते आणि त्या रात्री तापमान उणे दीडशेच्या खाली जातं. हे लक्षात घेऊन पुढच्या मोहिमांत प्लुटोनियमच्या उष्णतेवर वीज निर्माण करणारी जनित्रं नेली. त्यामुळे अपोलो १२, १४, १५ आणि १६ यांची केंद्रं वर्षानुवर्षं, रात्र असो की दिवस, चालत राहिली. एप्रिल १९७२ पासून ही चार केंद्रं एकत्र काम करू लागली. नकाशावर पाहिलं तर १२ आणि १४ ही जवळजवळ. १५ आणि १६ दूर. मिळून साधारण हजार-बाराशे किलोमीटर बाजूंचा त्रिकोण. तोही चंद्राच्या आपल्याकडे तोंड असलेल्या बाजूवर. एवढ्या तुटपुंज्या मांडणीवर एका अख्ख्या गोलाच्या अंतरंगाचा अंदाज करायचा होता!

यंत्रं मात्र विलक्षण संवेदनशील होती. एका मिलिमीटरच्या दशलक्षाव्या भागापेक्षाही कमी हालचाल ती ओळखत. पृथ्वीवर असं यंत्र ठेवून उपयोग नाही. समुद्राच्या लाटा, वारा, रस्त्यावरचे ट्रक यांचाच गोंगाट त्यात भरेल. चंद्रावर समुद्र नाही, वारा नाही. तिथली शांतता हीच त्या यंत्रांची खरी सोय.

नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो १२ च्या दोघांनी चंद्रावरून वर उडून मुख्य यान गाठल्यावर रिकामं झालेलं वाहन मुद्दाम खाली आदळवलं. धक्का लहानसा, पण कंपमापकाची सुई जवळजवळ तासभर थरथरत राहिली. पुढच्या एप्रिलमध्ये अपोलो १३ च्या अग्निबाणाचा वापरून झालेला टप्पा असाच आदळवला, तेव्हा तर कंपनं तीन तासांहून जास्त चालली. अपोलो १३ चं उतरणं हुकलं, जीव कसेबसे वाचले, ही कथा सिनेमामुळे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच मोहिमेनं चंद्राच्या कवचाचा एक उत्तम प्रयोग करून दिला, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही.

'चंद्र घंटेसारखा वाजला' असे मथळे तेव्हा छापून आले आणि त्यावरून चंद्र पोकळ असल्याच्या भाकडकथा आजही मोबाइलवर फिरत असतात. खरं कारण वेगळं आहे. पृथ्वीवरच्या खडकात पाणी असतं. भेगांतून, कणांच्या सांध्यांतून मुरलेलं. ते कंपनांची ऊर्जा गिळून टाकतं. चंद्राचं कवच कोरडं ठणठणीत, शिवाय अब्जावधी वर्षं उल्का आदळून वरच्या कित्येक किलोमीटरपर्यंत पिचलेलं. लहर त्या भेगांतून हजार वाटांनी इकडून तिकडे परतत राहते आणि तिला विझवणारं काही भेटत नाही. चंद्रावरच्या कंपाची नोंद म्हणूनच हळूहळू फुगत जाते आणि त्याहून हळू ओसरते. ती पहिल्यांदा पाहणाऱ्या भूकंपशास्त्रज्ञांना त्यात कुठली लहर कधी आली हेच लागेना.

लहरींचं थोडं सांगितलं पाहिजे. प्राथमिक लहर खडकाला दाबत-ताणत पुढे जाते; तिला घन काय, द्रव काय, दोन्ही चालतं. दुय्यम लहर खडकाला आडवं हलवते, आणि द्रवातून तिला वाट नाही. पृथ्वीचा बाह्य गाभा द्रव आहे हे याच अडवणुकीवरून समजलं. चंद्रावर असा पुरावा १७ जुलै १९७२ रोजी हाती आला. त्या दिवशी पलीकडच्या बाजूवर एक मोठी उल्का आदळली. तिच्या लहरी चंद्राच्या पोटातून आरपार येऊन आपल्या बाजूच्या केंद्रांवर पोचल्या. प्राथमिक लहरी आल्या. ज्यांचा मार्ग खूप खोलातून जात होता त्या दुय्यम लहरी मात्र अपेक्षेप्रमाणे दिसल्या नाहीत. योसिओ नाकामुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढच्याच वर्षी लिहिलं की चंद्राच्या खोल भागात काहीतरी निदान अंशतः वितळलेलं असावं. एका दगडाच्या आदळण्यावरून काढलेलं हे अनुमान. मला त्या धाडसाचं आजही कौतुक वाटतं.

नाकामुरा हे नाव लक्षात ठेवा. जपानमध्ये जन्मलेला, अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात आयुष्य घालवलेला हा माणूस या विषयाचा कणा आहे. आठ वर्षांत बारा हजारांहून अधिक कंप नोंदले गेले. त्यांत उल्कांचे धक्के सतराशेच्या आसपास. अठ्ठावीस कंप उथळ, पण जोरदार. त्यांतला सर्वांत मोठा साडेपाच परिमाणाच्या घरातला. आणि बाकीच्यांत सर्वांत मोठा वर्ग सात हजारांवर असलेल्या खोल कंपांचा. त्यांची परिमाणं क्वचितच २ च्या वर जातात. पण खोली पाहा: ७०० ते ११०० किलोमीटर. पृथ्वीवर सर्वांत खोल भूकंप साधारण सातशे किलोमीटरवर संपतात.

नाकामुरांना आणि त्यांच्या गटाला या नोंदींत एक चमत्कारिक गोष्ट दिसली. काही कंपांच्या आकृत्या एकीवर एक ठेवल्या तर वळणावळणाला तंतोतंत जुळत. याचा अर्थ एकच: ते कंप एकाच जागेतून, एकाच प्रकारे पुन्हापुन्हा होत होते. अशा जागांना त्यांनी घरटी म्हटलं आणि क्रमांक दिले. त्यांतलं पहिलं, ए-१, फारच बोलकं निघालं. हे कंप साधारण सत्तावीस दिवसांच्या अंतरानं परत येत, म्हणजे चंद्राला पृथ्वीभोवती फेरी मारायला लागतो तेवढ्या काळानं. चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार. पृथ्वी जवळ आली की तिची ओढ वाढते, दूर गेली की कमी होते. आपल्या समुद्राला भरती येते ती चंद्रामुळे. तशीच चंद्राच्या घन खडकाला पृथ्वीमुळे भरती-ओहोटी येते, आणि ती त्या घरट्यांना दर महिन्याला डिवचते.

पाटण, कोयनानगर भागातलं कुणी सभागृहात असेल तर त्यांना हे परकं वाटणार नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपानंतर दीर्घकाळ झालेल्या अभ्यासात दिसलं की शिवसागराच्या पाण्याची चढउतार आणि तिथले धक्के यांचा संबंध आहे. जलाशयाचा भार आणि खडकात झिरपलेलं पाणी हे मूळ ताणाच्या मानानं किरकोळ असतं. पण खडक आधीच तुटण्याच्या बेतात असेल तर तेवढं निमित्त पुरतं. चंद्रावर पाण्याच्या जागी पृथ्वीची ओढ, एवढाच फरक. एक कोडं मात्र शिल्लक राहतं. हजार किलोमीटर खोल, इतक्या दाबाखाली आणि उष्णतेत खडक तुटण्याऐवजी मऊ होऊन वाहायला हवा. तिथे तो तडकतो कसा, यावर विद्वानांचं एकमत अजून नाही.

आता या नोंदींचं पुढे काय झालं ते ऐका. केंद्रं बंद झाली, माणसं पांगली, आणि चुंबकीय फितींची हजारो रिळं गोदामांत पडून राहिली. अशा फिती कायम टिकत नाहीत आणि त्या वाचणारी यंत्रं त्यांच्याही आधी भंगारात जातात. १९९० च्या दशकात नाकामुरांच्या गटानं त्या फितींवरचा मजकूर नव्या माध्यमावर उतरवून घेतला. हे काम कंटाळवाणं. त्यातून शोधनिबंध निघत नाही, बढती मिळत नाही. पण त्याचं फळ बघा. जानेवारी २०११ मध्ये नासाच्या रेनी वेबर आणि सहकाऱ्यांनी त्याच जुन्या नोंदी नव्या संगणकी पद्धतीनं तपासल्या आणि चंद्राच्या गाभ्याचं चित्र मांडलं: मध्ये सुमारे २४० किलोमीटर त्रिज्येचा घन लोहगोल, त्याभोवती ३३० किलोमीटरपर्यंत द्रव थर, आणि त्याच्याही बाहेर ४८० किलोमीटरपर्यंत अर्धवट वितळलेला खडक. २०२३ मध्ये फ्रान्समधल्या एका गटानं वेगळ्याच वाटेनं, चंद्राच्या डोलण्याच्या आणि विरूपणाच्या मापांवरून, घन गाभ्याची त्रिज्या २५८ किलोमीटर काढली. दोन वेगळ्या वाटा, आणि उत्तर एकमेकांच्या इतकं जवळ. २०२४ मध्ये जपानच्या केइसुके ओनोदेरा यांनी आजवर फारशा न चाळलेल्या लघुआवर्ती नोंदींतून आणखी सुमारे बावीस हजार कंप शोधून काढले. यंत्र बंद पडून सत्तेचाळीस वर्षं झाली होती!

कंपांचं इतकं पुरे. पोटातली ऊब मोजायची दुसरी खटपटही तितकीच रंजक आहे. अपोलो १५ आणि १७ च्या अंतराळवीरांनी जमिनीत भोकं पाडून तापमापकांच्या नळ्या खाली सोडल्या. अपोलो १५ च्या वेळी बरमा अडला, हवी तेवढी खोली मिळाली नाही. अपोलो १६ वर तर जॉन यंग यांचा पाय वायरीत अडकला, वायर तुटली आणि तो प्रयोग जागीच संपला. अवजड पोशाखात पायाखालचं दिसत नाही, त्यांना दोष देता येत नाही. उरलेल्या दोन ठिकाणी आतून येणारी उष्णता मोजली ती दर चौरस मीटरला वीस मिलिवॅटच्या आसपास, पृथ्वीच्या सरासरीच्या पाव हिश्शाएवढी किंवा कमीच. इथे सावध राहायला हवं: दोन्ही जागा चंद्राच्या अशा पट्ट्याच्या कडेला आहेत, जिथे थोरियम, युरेनियम यांसारखी किरणोत्सारी मूलद्रव्यं नेहमीपेक्षा जास्त आहेत. दोन घरांचं वीजबिल बघून अख्ख्या शहराचा हिशोब मांडण्यातला धोका यात आहे.

या प्रयोगाचे प्रमुख मार्क लँगसेथ यांना एक गोष्ट सतावत राहिली. नळ्यांतलं तापमान वर्षानुवर्षं हळूहळू वाढत होतं. चंद्र तर गरम होत नव्हता. मग हे काय? १९७४ नंतरच्या फिती सापडेनात. लँगसेथ १९९७ मध्ये वारले. कोडं तसंच राहिलं. पुढे टेक्सासमधले सेइइची नागिहारा आणि सहकारी अभिलेखागारं धुंडाळत राहिले आणि त्यांना १९७५ मधल्या काही महिन्यांच्या ४४० फिती सापडल्या. २०१८ मध्ये त्यांनी उत्तर छापलं. अंतराळवीर आणि त्यांची गाडी जिथे फिरली तिथली वरची फिकट धूळ विस्कटली आणि खालची गडद माती उघडी पडली. गडद माती जास्त ऊन शोषते. तेवढ्यानं तिथल्या पृष्ठभागाचं तापमान दीड ते साडेतीन अंशांनी वाढलं आणि ती वाढ वर्षानुवर्षं खाली झिरपत राहिली. मोजायला गेलेल्या माणसाच्या बुटांनीच माप बदललं होतं. चंद्राभोवती फिरणाऱ्या यानानं काढलेल्या छायाचित्रांत त्या पायवाटांचे गडद पट्टे आजही दिसतात.

दगडांचं थोडक्यात सांगतो, कारण ते पुष्कळांना माहीत असतं. अपोलो ११ नं आणलेल्या मातीत जॉन वूड यांच्या गटाला पांढरे बारीक तुकडे मिळाले. उतरण्याची जागा काळ्या बेसॉल्टची. हे पांढरे कण दूरच्या डोंगराळ भागातून आघातांनी उडून आलेले. ते होते अ‍ॅनॉर्थोसाइट, म्हणजे जवळजवळ निव्वळ फेल्डस्पार. वूड यांनी त्यावरून निष्कर्ष काढला तो केवढा! चंद्र जन्मतः वितळलेल्या खडकाचा महासागर होता. थंड होताना जड खनिजं तळाशी गेली आणि हलका फेल्डस्पार दुधावर साय धरावी तसा वर तरंगून कवच झाला. जानेवारी १९७० मध्ये ह्यूस्टनच्या परिषदेत हे मांडलं गेलं. नखाएवढ्या तुकड्यांवरून रचलेली ही कल्पना चोपन्न वर्षांनी भारताच्या हातून पुन्हा कसाला लागली. चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरवरच्या क्ष-किरण वर्णपटमापकानं सुमारे १०३ मीटरच्या प्रवासात तेवीस ठिकाणी मातीची रचना मोजली. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतल्या संतोष वडवळे आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास ऑगस्ट २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये आला. दक्षिणेकडच्या त्या उच्चभूमीवरही मुख्यतः तोच अ‍ॅनॉर्थोसाइट निघाला. मॅग्नेशियम मात्र अपेक्षेहून थोडं जास्त. एखाद्या प्रचंड आघातानं खोलातून वर आलेला माल त्यात मिसळला असावा, असं ते म्हणतात.

भारताचा चंद्राच्या मातीशी संबंध चांद्रयानापासून सुरू झाला असं समजू नका. अपोलोचे नमुने मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले होते. देवेंद्र लाल, नरेंद्र भंडारी आणि त्यांचे सहकारी चंद्राच्या धुळीचे कण रसायनात कोरून सूक्ष्मदर्शकाखाली बघत. वैश्विक किरण खनिजातून जाताना मागे इजेच्या रेषा ठेवतात. त्या रेषा मोजल्या की तो कण किती काळ उघड्यावर होता ते कळतं. एकच कण कधी वर, कधी गाडलेला, पुन्हा वर, असा उल्कांच्या नांगरटीत कोट्यवधी वर्षं उलथापालथ होत राहिलेला असतो. लाल १९७२ मध्ये अहमदाबादला गेले आणि तिथेच हा अभ्यास पुढे वाढला. त्या गटातले जितेंद्रनाथ गोस्वामी पुढे चांद्रयान-१ चे मुख्य वैज्ञानिक झाले. आणि आपल्या लोणारचं काय? बेसॉल्टमध्ये आघातानं झालेली, चांगली टिकून राहिलेली विवरं पृथ्वीवर फार थोडी. त्यांत लोणार सर्वांत महत्त्वाचं. १९७३ मध्येच 'सायन्स' या नियतकालिकात ते आघातविवर असल्याचा अभ्यास छापून आला, तो चंद्राच्या विवरांशी तुलना डोळ्यांपुढे ठेवूनच. बुलढाणा जिल्ह्यात सहल काढणाऱ्या शाळा मुलांना तिथली मंदिरं आणि खारं पाणी दाखवून परत आणतात. काठावरचा वर उचलून उलटा पडलेला खडकाचा थरही दाखवा की!

आता चांद्रयान-३ कडे. २३ ऑगस्ट २०२३ ला विक्रम उतरला ती संध्याकाळ वेगळी सांगायला नको. त्याच्या पोटात आपल्या विषयाची दोन यंत्रं होती. एकाचं नाव चेस्ट: दहा तापमापक बसवलेली एक सळई, मोटरच्या जोरावर हळूहळू मातीत शिरणारी. मंगळावर इनसाइट यानाची आपटत आपटत शिरणारी सळई अडून बसली होती. हिनं काम केलं आणि दहा सेंटिमीटरच्या आतल्या थराची मापं दिली. वर कडक ऊन आणि आठ सेंटिमीटर खाली उणे दहा अंश. चंद्राची धूळ इतकी सैल आणि निर्वात आहे की उष्णता तिच्यातून उतरतच नाही. २०२५ मध्ये छापलेल्या विश्लेषणात आणखी एक बारकाई आली. विक्रम जिथे टेकला तिथे सूर्याकडे सहा अंशांचा उतार होता. त्या जागेचं तापमान ८२ अंशांपर्यंत गेलं. जेमतेम एक मीटर पलीकडे सपाट जागी ते ५९ होतं. एका पावलावर तेवीस अंशांचा फरक! त्यावरून हिशोब निघाला की या अक्षांशांत ध्रुवाकडे तोंड केलेला चौदा अंशांहून जास्त उतार असेल तर थोड्या खोलीवर बर्फ टिकू शकेल. तळहाताएवढ्या खोलीच्या मापानं पुढच्या मोहिमांनी कुठे शोधावं ते सांगितलं.

दुसरं यंत्र इल्सा, बंगळूरुच्या प्रयोगशाळेनं केलेला कंपमापक. अपोलोनंतर चंद्राच्या मातीवरची कंपनं टिपणारा हा पहिलाच. सुमारे १९० तास तो चालला आणि अडीचशेवर घटना नोंदवून गेला. त्यांतल्या दोनशेच्या आसपास रोव्हरच्या चाकांच्या किंवा लँडरवरच्या यंत्रांच्या हालचालींच्या. पन्नासांचा संबंध कुठल्याच यंत्राशी लागत नाही. त्या चंद्राच्या स्वतःच्या आहेत का, हे एका केंद्रावरून आणि इतक्या थोड्या काळातून ठरवता येत नाही. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सूर्य मावळला. विक्रम आणि प्रज्ञान यांना झोपवलं गेलं, आणि बावीस तारखेनंतर हाका मारल्या तरी ते उठले नाहीत. एका चांद्रदिवसाचंच आयुष्य ठरवून पाठवलेली यंत्रं ती. यात अपयश काही नाही. पण जी घरटी सत्तावीस दिवसांनी एकदा बोलतात त्यांच्या दाराशी आपण दोन आठवडेही थांबलो नाही.

विक्रमवरची एक वस्तू मात्र अजून कामाला येते. पाच सेंटिमीटर व्यासाचा एक घुमट, त्यात आठ परावर्तक लोलक. नासानं दिलेला. त्याला वीज लागत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये चंद्राभोवती फिरणाऱ्या अमेरिकन यानानं लेझर सोडला आणि त्या घुमटानं तो परत पाठवला. अपोलोनं ठेवलेले असेच आरसे पन्नासहून अधिक वर्षं काम देत आहेत. चंद्र दर वर्षी ३.८ सेंटिमीटरनं दूर जातो हे त्यांच्यावरूनच कळलं आणि गाभा द्रव असल्याचा दुजोराही.

चंद्राच्या पोटाची खबर हवेतूनही येते, हे सांगायचं राहिलं. हवा म्हणजे कशीबशी. अणू एकमेकांवर आदळतही नाहीत इतकी विरळ. तिच्यात आर्गॉन-४० आहे. खडकातल्या किरणोत्सारी पोटॅशियमचा ऱ्हास होऊन तो आत तयार होतो आणि भेगांतून बाहेर येतो. चांद्रयान-२ च्या फिरत्या यानावरच्या चेस-२ या उपकरणानं त्याचं मध्यम अक्षांशांतलं वितरण मोजलं. त्या मोहिमेचा लँडर कोसळला म्हणून तिला अयशस्वी म्हणणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

माझं मत स्पष्ट सांगतो. आपल्याकडे चंद्रमोहिमेचं मोजमाप उतरण्यावर होतं. शेवटची पंधरा मिनिटं, टाळ्या, पेढे. ते साहजिकही आहे. पण चंद्राच्या अंतरंगाचं विज्ञान त्यानंतरच्या वर्षांत घडतं, आणि त्यासाठी रात्र काढता आली पाहिजे. हे आपल्या आवाक्याबाहेरचं नाही. चांद्रयान-३ च्या प्रणोदन विभागात अणुऊर्जा विभागानं बनवलेले एक-एक वॅटचे दोन उष्णता-घटक चाचणीसाठी बसवले होते. चांद्रयान-४ ला सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजुरी दिली. २,१०४ कोटी रुपयांची ती मोहीम माती घेऊन येणार आहे. जपानबरोबरच्या चांद्रयान-५ लाही मान्यता मिळाली आहे. या दोहोंपैकी एकीत तरी, किंवा त्यांच्या पाठोपाठ, अनेक वर्षं जागा राहील असा एक कंपमापक गेला पाहिजे. तोही शक्यतो अपोलोच्या त्रिकोणापासून दूर, दक्षिणेकडे किंवा पलीकडच्या बाजूला. माती आणण्याइतका तो देखणा दिसणार नाही. दूरचित्रवाणीवर दाखवायला त्यात काही नाही. म्हणूनच त्याची मागणी आपण, करदात्यांनी आणि शिक्षकांनी, केली पाहिजे.

शेवटी समोर बसलेल्या विद्यार्थ्यांसाठी. चांद्रयान-३ च्या यंत्रांच्या नोंदी ऑगस्ट २०२४ मध्ये इस्रोनं सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत. बंगळूरुजवळच्या ब्यालालूच्या अंतराळ विज्ञान डेटा केंद्राच्या संकेतस्थळावर नाव नोंदवून त्या उतरवून घेता येतात. अपोलोच्या कंपनांच्या नोंदीही मोफत मिळतात. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असाल, थोडं गणित आणि संगणकाची थोडी भाषा येत असेल, तर एका घरट्याचे दोन कंप घ्या, एकावर एक ठेवून बघा आणि काय दिसतं ते आपल्या सरांना दाखवा. प्राध्यापक मंडळींना विनंती एवढीच की यंदाच्या प्रकल्पांच्या यादीत हा विषय घाला, आणि मुलं अडली तर मला कळवा.